तिला साखर नको

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात आजारी पडायचं असेल तर आधी अर्ज करावा, असं मी चारचौघांत म्हणतो आणि लोक हसतात. मी ते गमतीनं म्हणत नाही. मूल्यांकनासाठी बाहेरची मंडळी येणार म्हणून आम्ही प्रथमोपचार समिती नेमली, काचेच्या कपाटात पेटी ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. नाहीतर पोरं पट्ट्या वापरून टाकतील आणि पाहुण्यांना पेटी रिकामी दिसेल! प्रशिक्षणही झालं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, अध्यक्षीय भाषण. डॉक्टरांच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं आली, त्यातली निम्मी फोटोत गेली. सूत्रसंचालन माझं होतं. प्रमाणपत्र मिळालं, ते मी लॅमिनेट करून घेतलं.

महिनाभरानं रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वेळ बाराची. पण अकोल्याहून बाहेरचे परीक्षक आले की त्यांना आधी जेवू घालायचं, हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम. वांग्याची भाजी, भाकरी, वर दोन वाट्या बासुंदी. हे सगळं सावकाश चालू असताना पोरं प्रयोगशाळेबाहेर रांगेत उभी होती आणि रांग सोडायची नाही, अशी तंबी मीच दिली होती.

दोन वाजता परीक्षा सुरू झाली. थोड्याच वेळात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी घामानं निथळायला लागली. हात थरथरत होते, प्रश्न एक आणि उत्तर भलतंच. परीक्षकांना वाटलं, अभ्यास केलेला नाही. मग ती स्टुलावरून घसरली आणि भिंतीला टेकून बसली. डोळे अर्धवट उघडे होते.

तिची मैत्रीण धावत आली. तिला लहानपणापासून शुगर आहे, सकाळी इंजेक्शन घेतलंय, जेवायची वेळ टळली, आता ताबडतोब गोड द्यायला हवं, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. त्या मुलीच्याच पिशवीतून लिमलेटची गोळी काढून, कागद सोलून, तिनं ती तोंडाजवळ नेली. मुलीनं तोंड उघडलंही होतं.

आमचे विभागप्रमुख गरजले, "जिले शुगर हाय तिले साखर चारता? मारता का पोरीले?"

पुढे झालो तो मी. मैत्रिणीच्या हातातली गोळी हिसकावली आणि बेसिनमध्ये टाकली. "गप बैस. मोठी डॉक्टरीण," असंही म्हणालो. ग्लुकोजचं सूत्र झोपेतही सांगतील अशी तीन माणसं तिथे होती. पाठीमागच्या फळीवर ग्लुकोजची बाटली होती. पण वेळेवर अक्कल सुचेल तर तो प्राध्यापक कसला! रक्तातली साखर खालीही घसरते, एवढी साधी गोष्ट त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला माहीत होती आणि आम्हाला ती पोर खोटी वाटली, कारण ती विद्यार्थिनी होती.

मग आम्ही पेटीकडे धावलो. किल्ली लिपिकाकडे आणि लिपिक लग्नाला. काच फोडावी का यावर प्राचार्यांना फोन लागला. त्यांनी थांबायला सांगितलं. कोणी तिला हुंगवायला कांदा आणायला निघालं. परीक्षक खुर्ची ओढून पंख्याखाली बसले. तेवढ्यात मुलीला झटका आला आणि तिची शुद्ध गेली. एका सहकाऱ्याच्या गाडीत तिला घातलं, मी पुढे बसलो. राजापेठेत क्लासेस सुटले होते, दुचाक्यांमधून वाट निघेना. मागे मैत्रीण तिचं डोकं धरून बसली होती. दवाखान्यात नर्सनं बोटातून रक्ताचा थेंब घेतला, आकडा पाहिला, शिरेतून ग्लुकोज दिलं. मुलीनं डोळे उघडले. नर्सनं विचारलं, येताना गोड काही का दिलं नाही? मी फॉर्म भरायला खिडकीकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा दवाखान्यात गेलो. खरं सांगतो, प्रकरण वर जाईल या भीतीनं गेलो. वडील आलेले होते. अकोल्यात जुन्या शहरात त्यांचं बांगड्यांचं दुकान. मला पाहताच उठले आणि माझे दोन्ही हात धरले. सर, तुम्ही होते म्हणून माझी पोरगी वाचली, असं म्हणाले. मी म्हणालो, कर्तव्यच होतं ते. आजवर मी पुष्कळ निर्लज्ज वाक्यं बोललोय, पण त्याच्या तोडीचं एकही आठवत नाही.

ते चहा आणायला बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघंच. आता कसं वाटतंय, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मले सगळं ऐकू येऊन रायलं होतं, सर," ती म्हणाली. "बाबाले नाई सांगितलं मी."