आत्तींच्या झोपेत केलेला अल्बम

लग्न ठरताना सासरी सांगितलं होतं की मी बँडमध्ये गिटार वाजवते. त्यांना वाटलं, वरातीतला बँड. नवऱ्यानं हसत हसत सगळ्यांना समजावलं, कुणी नावं ठेवली नाहीत. पण बेळगाव सोडून निपाणीला आले आणि गिटार खोळीत गेली ती गेलीच.

आमचा बँड तिघांचा. गाणारा कॅम्पातला, त्याचे वडील लष्करात होते. ड्रम वाजवणारा वडगावचा, त्याच्या घरी माग होते. मागांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत आम्ही सराव करायचो. पलीकडे पॉवरलूम खडखडत असायचे, म्हणून आम्हाला जोरातच वाजवावं लागायचं, आणि पुढे तीच आमची ओळख झाली. कॉलेजात असताना एक अल्बम केला. मग ज्याला त्याला नोकरी लागली, माझं लग्न झालं, आणि बंद करूया असं कुणी न म्हणताच बँड बंद पडला.

बऱ्याच वर्षांनी गाणारा पुण्याची नोकरी सोडून कॅम्पात परत आला. त्यानं फोन करून पुन्हा अल्बम करायचं काढलं. तेव्हा माझ्या सासूबाईंना लकवा मारून वर्ष होत आलं होतं. मी त्यांना आत्ती म्हणते. उजवं अंग गेलेलं, बोलणं दोनचार शब्दांवर आलेलं. नवरा दिवसभर तंबाखूच्या वखारीत. आत्तींना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं माझ्याकडे. जैन बस्तीत देवदर्शनाला जायचं तरी शेजारणीला बसवून धावतपळत यावं लागे. मी सांगितलं, मला बेळगावला येणं जमणार नाही.

"मग आम्ही येतो तिकडं," तो म्हणाला.

आले. माडीवरच्या खोलीत सामान लावलं. पहिल्याच दिवशी मी गिटार ॲम्पला जोडली आणि जुन्या सवयीनं एक कॉर्ड मारला. खालून आत्तींचा आवाज आला, ओरडल्यासारखा. धावत गेले तर त्यांनी धड असलेल्या डाव्या हातानं खाटेची कड घट्ट धरली होती. त्यांना वाटलं असावं, घर कोसळलं. "नको," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ तेवढंच म्हणत राहिल्या.

ॲम्प परत गाडीत गेला. त्यानंतर आम्ही साध्या लाकडी गिटारवर काम केलं, आत्ती दुपारी झोपल्या की. ड्रमवाल्यानं ड्रम आणायचे सोडले. एका लाकडी पेटीवर गोधडी टाकून तो तळव्यांनी वाजवायचा. गाणारा खाली मान घालून, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा गायचा. रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून पंख्याची घरघर बंद, आवाज खाली जातो म्हणून दार-खिडक्या बंद. उन्हाळा होता. घामानं बोटं तारांवरून घसरायची. ते दोघं डोळे मिटून वाजवायचे. मला ते जमलं नाही, माझा एक कान जिन्याकडे असायचा. आत्ती जाग्या झाल्या की पितळी वाटी खाटेवर आपटायच्या. त्या दिवसापुरतं काम तिथं संपायचं.

अल्बम झाला. इंटरनेटवर टाकला. आम्हाला वाटलं त्याहून जास्त लोकांनी ऐकला. लोकांनी लिहिलं की वयाबरोबर हे लोक निवांत झालेत, आतून शांत झालेत. एकीनं लिहिलं, कुणीतरी हलक्या हातानं थोपटतंय असं वाटतं. आत्तींना पेज भरवता भरवता मी ते फोनवर वाचलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण माझ्याइतकं अशांत त्या माडीवर कुणी नव्हतं, आणि ते कुणाला ऐकू आलं नव्हतं.

मग बेंगळुरूहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं. नवराच म्हणाला, तू जायचंस. त्यानं एक नर्स ठरवली, स्वतः दोन दिवस घरी राहायचं कबूल केलं. मी बॅग भरली. सकाळी बँडमधले दोघं गाडी घेऊन दारात आले तेव्हा मी आत्तींजवळ गेले.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

दोन दिवसांत येते, असं सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. नर्सनं पाणी दिलं, त्यांनी ओठ घट्ट मिटले. नवऱ्यानं दिलं, तरी तेच. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. हट्ट नव्हता तो, भीती होती. ऊन वर आलं तरी पाण्याचा थेंब पोटात गेला नव्हता. ड्रमवाला आत येऊन म्हणाला, "चल गं. हुईल त्यास्नी सवय." नवराही तेच म्हणाला. मला चिडायचं होतं, पण चिडावं असं घरात कुणी वाईट माणूसच नव्हतं. मी बॅग आत ठेवली.

"तू न्हाईस तर आम्ही बी न्हाय वाजवत," ड्रमवाला म्हणाला.

"वाजवा," मी म्हटलं. "न्हाय वाजवलं तर त्येचं वझं बी माझ्यावरच."

ते गेले. तिथल्याच एका गिटारवाल्याला त्यांनी सोबत घेतलं. कार्यक्रमाचा व्हिडिओ मी नंतर स्वयंपाकघरात पाहिला. तो माझ्यापेक्षा सफाईनं वाजवत होता. एका गाण्यात मध्येच तो क्षणभर थांबला आणि मग पुढे गेला. रेकॉर्डिंग करताना तिथं मी थांबले होते, कारण खाली काही वाजल्यासारखं वाटलं होतं. तो ते रेकॉर्डिंगवरून शिकला असणार. लोकांनी त्या जागी टाळ्या वाजवल्या.

आत्ती आता माझ्या हातून जेवतात, दुसऱ्या कुणाच्या नाही. पण झोपेत शेजारी कोण बसलंय ते त्यांना कळत नाही, म्हणून आठवड्यातून एका दुपारी नर्स येते. गाणारा म्हणतो, त्या वेळात नवीन गाणी करू. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या दुपारी मी स्कूटर काढते आणि तवंदी घाटाच्या पायथ्याला जाऊन हायवेच्या कडेला उभी राहते. चढाला लागलेले ट्रक गिअर बदलतात, तो आवाज पूर्वी ॲम्पचा यायचा तसा पायांतून छातीत येतो. तो पोट भरून ऐकते. मग आत्ती उठायच्या आत परत निघते.