रोहिणखेडची पाठराखीण

डोणगावला एस.टी.तून उतरले तेव्हा जालन्यापासूनची सगळी धूळ माझ्या अंगावर बसली होती. पुण्याहून मिरवत आणलेली पांढरी साडी मातकट झाली होती. इंदू फाट्यावर उभी होती. दुसऱ्या दिवशी हळद लागायची असलेल्या नवरीनं असं भर उन्हात रस्त्यावर यायचं नसतं, पण ती आली होती. मला बघून पोट धरधरून हसली.

"माह्याआधी तुलेच माखलं वं!"

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. तिथं ती आमच्यासारखं सांभाळून बोलायची. इथं तिची जीभ सैल सुटली होती आणि मला ती फार आवडली.

मी आले होते नुसती करवली म्हणून. नवरीच्या मागं हातात करा (पाण्याचा तांब्या, वर नारळ) घेऊन उभं राहायचं, एवढंच काम. ते मी नीट केलं. अक्षता डोळ्यांत गेल्या, वांग्याच्या भाजीनं कानातून धूर निघाला, त्यावर पानात वाढलेली बुंदी मूठमूठ खाल्ली. मांडवातल्या बायका माझ्या तोंडाकडे बघून हसत होत्या. "पाह्य, पुन्याची पोट्टी रडून राह्यली, नवरी अजून रडली नाही," एक म्हणाली.

पाठवणीच्या वेळी मात्र घोटाळा झाला. पाठराखीण, म्हणजे सासरी पहिले काही दिवस नवरीच्या सोबत राहणारी बाई, म्हणून तिची आत्या जायची होती. आत्याला ऊन लागलं, ती कपाळावर कांदा ठेवून पडली. बिनलग्नाची मुलगी कशी धाडायची, यावर कुजबुज सुरू झाली. इंदूच्या आईनं ती मोडून काढली. "दोन वर्सं एका खोलीत राह्यल्या. इच्यापेक्षा कोन पाठ राखन?"

मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

वऱ्हाडाची गाडी मेहकर, चिखली करत संध्याकाळी बुलढाण्याला पोचली आणि राजूरचा घाट उतरू लागली. वळणावळणाला पळसाची, सागाची निष्पर्ण झाडं. पुढच्या बाकांवर पुरुष झोपले होते. इंदूनं माझा हात धरला आणि हळूच सांगितलं, "ट्रंकेत साड्यांखाली कागद हाये." कागद म्हणजे नुकत्याच स्थापन झालेल्या जिल्हा परिषदेची नेमणूक. रोहिणखेडपासून मैलभरावरच्या वस्तीतली शाळा, सुट्टी संपली की हजर व्हायचं. नवऱ्याला ठाऊक होतं. त्याची ना नव्हती, पण आईला सांगायची त्याची छाती नव्हती. "तूच इचार सासूबाईले," इंदू म्हणाली. "माह्याच्यानं नाही होत."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. शिकवायला उभी राहिली की इंदूचा चेहराच बदलायचा, ते मी दोन वर्षं पाहिलं होतं. तो कागद साड्यांखालीच राहिला असता तर मला सोसलं नसतं.

रोहिणखेड सकाळी नीट दिसलं: जुन्या मशिदीचा काळसर दगड, तिच्या आसपास मातीची घरं, कडुनिंबाखाली सोडलेले बैल. सासूबाई उंच, करड्या आवाजाच्या. त्यांच्या हाकेनं वासरूसुद्धा दावणीत गप्प उभं राही. त्यांनी मला मांडे खाऊ घातले (पालथ्या खापरावर भाजलेल्या, रुमालाएवढ्या पुरणाच्या पोळ्या). मी तीन खाल्ले आणि बोलले काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही खाल्लं, बोलले नाही. तिसऱ्या दिवशी इंदू माझ्याशी बोलेना. माझी मला लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी मी निघाले. सासूबाई सुपात ओटीचे तांदूळ घेऊन आल्या आणि थबकल्या.

"तुयं लगन नाही झालं, ओटी त भरता येत नाही. पाठराखनीले खाली हातानं कशी धाडू? काय देऊ, सांग."

"मावशी," मी म्हटलं, आणि पुढचं एका दमात बाहेर पडलं. "मला काही नको. इंदूला शाळेत जाऊ द्या. नेमणुकीचा कागद तिच्या ट्रंकेत आहे."

 इंदूचा नवरा बैलाला पाणी दाखवायच्या निमित्तानं पार पलीकडे गेला. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि सुनेकडे पाहिलं.

"तुले जायचं हाये?"

इंदू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मला वाटलं, आता ही 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणार आणि मी उगाच वाईट होणार. पण तिनं मान वर केली.

"हाव. मले जायचं हाये."

"मंग हे इचाराले पुन्याहून मानूस काऊन आनलं वं? मी का वाघ हावो?" सासूबाई कडाडल्या. मग सूप उचलत म्हणाल्या, "सकाळच्या भाकरी मी थापतो. दिवाबत्तीच्या आत घरी पाह्यजे."

मला त्यांनी चोळीचा खण दिलाच.

मलकापूरला गाडीत बसले तेव्हा मन फुलून आलं होतं. भुसावळपर्यंत ते तसंच राहिलं. पुढं मात्र रडू कोसळलं. इंदू मला निरोप द्यायला वेशीपर्यंत आली होती, पण बोलत होती ती शाळेबद्दल: फळा आहे की नाही, मुली येतील का. मी निघाले आहे हे तिच्या ध्यानातच नव्हतं. तिला माझी गरज उरली नव्हती. पाठराखणीचं काम उत्तम झालं म्हणजे असंच व्हायचं, हे कळत होतं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

दोन वर्षांनी, फाल्गुनात, माझं लग्न ठरलं. पाठराखीण म्हणून तूच ये, असं मी इंदूला लिहिलं. तिचं कार्ड आलं: "परीक्षा डोक्यावर आली, शाळेत मी एकटीच. रजा मिळत नाही. रागावू नकोस."

मी रागावले, दिवसभर जेवले नाही. पण बोलणार कुणाला? ती नोकरी मीच मागून घेतली होती. माझ्यासोबत सासरी आमची आत्या आली आणि मोटारीत रस्ताभर घोरत होती.