आण्णा आणि वारं

आमच्या धाकट्या चुलत्यांइतका, म्हणजे आण्णांइतका, वाऱ्याला भिणारा माणूस निपाणीपासून बेळगावपर्यंत दुसरा झाला नाही. आमचं अख्खं घर तंबाखूच्या वखारीत मजुरीला. आई आणि चुलती धुरळ्यात खोकत पानं निवडायच्या, तेव्हा कुठं मी कॉलेजात गेलो. घरातला पहिलाच. तरी कुणाला काय झालंय हे सांगायचा मान आण्णांचा. पोट दुखलं, वारं. दाढ सुजली, वारं. भर उन्हाळ्यात ते कानाला टॉवेल बांधायचे आणि बेळगावच्या गाडीत खिडक्या लावायला लावून सगळ्यांना घामानं भिजवायचे. ऐंशी सालाच्या सुमाराला त्यांनी नवा शोध लावला. बसलं, उभं राहिलं की दम लागतो. आडवं झालं की बरं वाटतं. "वारं वरनं जातंय रं. आडव्या माणसाला न्हाय घावत." मग ते कुठंही आडवे व्हायचे. पिरनवाडीच्या सोयरिकीत तर मुलीकडच्या सतरंजीवर लोळूनच बोलणी केली. मुलीच्या बापानं हळूच विचारलं, "पावनं आजारी हाईत का?" चुलती म्हणाली, "आजारी कशानं? जल्मापासनं असंच हाईत."

एका सकाळी चहाची बशी त्यांच्या उजव्या हातातून सुटली आणि तोंड वाकडं झालं. गल्ली एकमुखानं म्हणाली, वारं गेलं अंगावरनं. आण्णांना बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांत जिंकल्याचं समाधान मावत नव्हतं. दारं-खिडक्या बंद झाल्या, अंगावर वाकळा पडल्या, आणि चोळायला कबुतराचं रक्त पाहिजे म्हणून माझे वडील कबुतर आणायला सदलग्याला निघालेसुद्धा. मी म्हणालो, "कबुतर राहू दे. बेळगावला न्यायला गाडी बघा."

"लई शिकलास म्हणून आमाला शिकवतोस व्हय रं?" वडील दारातनंच म्हणाले.

"व्हय. त्यासाठीच शिकवलंसा की."

बेळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, दम कधी लागतो? चुलती म्हणाली, "बसल्यावर. निजलं की गप." डॉक्टरांनी त्यांना बसवलं, निजवलं, पुन्हा बसवलं आणि दर वेळी छातीला नळी लावली. बसल्यावर येणारा आवाज निजल्यावर जात होता. "हृदयात गाठ असावी," ते म्हणाले. "तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकलाय. आणखी एक सुटला तर माणूस हाताला लागायचा नाही." मुंबईच्या इस्पितळातल्या यंत्रावर ती दिसली: आत लोंबणारी, बसलं की रक्ताची वाट अडवणारी. मी आण्णांना सगळं नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अडखळत म्हणाले, "म्हंजे... वारंच की. आतलं."

छाती उघडून गाठ काढली. आमच्या घराण्यात हृदयाचं ऑपरेशन होऊन स्वतःच्या पायांनी घरी आलेले ते पहिले. लकव्याचा झटका पुन्हा आला नाही. आता आण्णा ताठ बसून वाद घालतात, दम लागत नाही. फक्त मध्येच शब्द अडतो, आणि तो सापडेपर्यंत समोरचा माणूस जिंकून उठून गेलेला असतो. मी तेवढा थांबतो.