कंपनीचा पंप आणि माझा शिक्का

घ्या, चहा घ्या. पण आधी एक कबूल करा, शेवटी माझी कीव करायची नाही. कारण जो गाढवपणा मी केला तो पूर्ण शुद्धीत, विचार करून आणि शाळेच्या शिक्क्यानिशी केला!

मी तेव्हा मंठ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. जालना अजून जिल्हा झाला नव्हता, पेट्रोलचे भाव भडकले होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत युसूफभाई मिस्त्री आणि मी मिळून मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप घेऊन बसलो होतो. अर्धी त्यांची, अर्धी माझी. चालवायचे ते, संशय घ्यायचो मी.

संशय हा माझा जुना आजार. दूधवाला गेला की मी दूध बोटावर घेऊन उन्हात धरायचो. वर्गात दोन पोरांची उत्तरं सारखी आली तर दोघांनाच काय, मधल्या बाकावरच्यालाही उभं करायचो.

एकदा भाईंनी धरणाच्या कामावरच्या भंगारातून डंपरचा टर्बो उचलून आणला. टर्बो म्हणजे काय? इंजनाच्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते इंजनात जास्तीची हवा कोंबतं. महिनाभर ठोकाठोकी करून तो त्यांनी जीपला बसवला. पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं कपबशा टाकून पळाली, खोटं सांगत नाही!

हे सगळं कशासाठी? जालन्याच्या गणपतशेठसाठी. शेठच्या दहा-बारा ट्रका आणि एक नवी कोरी मोटार. ते भाईंना म्हणाले होते, "मंठ्याहून जालन्याला माझ्या मोटारीच्या आधी येऊन दाखव. माझ्या ट्रकांचं काम तुझं, अन् आवारात गॅरेजला जागा बी तुझी." भाई बारा वर्षं रस्त्याकडेला लिंबाखाली गाड्या खोलत होते. डोक्यावर छप्पर पाहिजे होतं त्यांना.

आणि मला काय पाहिजे होतं? खात्री!

"भाई, हवा दुप्पट कोंबायची म्हणजे पेट्रोलही दुप्पट लागणार. अन् पंप तोच? कंपनीचा?"

"पुरतो सर. बराबर पुरतो."

"कशावरून?"

भाईंनी पंपाची नळी काढली, खाली लोटा धरला आणि इंजन फिरवलं. लोटा बघता बघता भरला. "इंजन याच्या अर्धं बी पीत न्हाई. मंग?"

लोटा भरलेला मी डोळ्यांनी पाहिला. पण माझा माझ्या डोळ्यांवर तरी कुठं विश्वास?

त्यात टर्बो बसल्यापासून पेट्रोल भराभर उतरायला लागलं. मी रोज वर्गातली लाकडी पट्टी टाकीत बुडवून मोजायचो. बायको म्हणायची, "पोरांच्या वह्या तपासा की! टाकी काय तपासून राह्यले?"

टर्बोवाली गाडी जास्त पिणारच, हे मला सुचलं नाही. मला सुचला चोर. हॉटेलवाल्याची फटफटी आजकाल फारच हिंडत होती. शेजाऱ्याचे हात काळे दिसायचे. आणि, आता सांगायला लाज वाटते, खुद्द भाईंचाही मला संशय यायला लागला.

त्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी झाकणाच्या आत ट्यूबच्या रबराची गोल चकती बसवली, वर कडी-कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. तेवढ्यात झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक दिसलं. सापडलं! पेट्रोल इथूनच उडून जातं! झाकण घरी नेलं, चकती आतून घट्ट चिकटवली, भोकावर लाख ओतली आणि परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर मारतो तो शाळेचा शिक्का दाबला. कोणी हात लावलाच तर कळावं म्हणून.

भाईंना सांगितलं? छे! ज्याच्यावर संशय त्यालाच सांगतात का?

रविवारी सकाळी शर्यत. टाकी काठोकाठ भरली, कुलूप मी लावलं. शेठचा ड्रायव्हर मोटार घेऊन निघाला आणि त्याच्या मागोमाग आम्ही. अहो, काय सुटली जीप! टर्बो शिट्टी घालतोय, झाडं मागं पळतायत, मोटार केव्हाच मागं पडली. भाईंचा चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

चार-पाच मैल गेलो नि गाडीनं गचके खाल्ले. खोकली आणि बंद!

"पेट्रोल येऊन न्हाई राह्यलं," भाई म्हणाले. "टाकी भरेल है ना?"

"उठा तुम्ही. मी बघतो."

त्यांच्याकडे पाठ करून मी कुलूप काढलं, झाकण फिरवलं. फुस्स! बघा, म्हटलं, पेट्रोलची वाफ पळायला बघतेय! पट्टी घातली, टाकी भरलेली. झाकण आणखी घट्ट आवळलं. भाईंनी स्टार्टर मारला आणि जीप झटक्यात चालू.

पुढं चार मैलांवर पुन्हा बंद. पुन्हा "उठा", पुन्हा फुस्स, पुन्हा चालू. तिसऱ्या वेळी शेठची मोटार हॉर्न वाजवत आमच्या अंगावर धूळ उडवून गेली.

"सर, मला बघू द्या ना टाकी."

"टाकी भरलेली आहे! तुम्ही पंपाचं बोला!"

जालन्यापर्यंत सात वेळा हेच झालं. झाकण उघडलं की गाडी चालू होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही का? आलं ना! पण मी त्याचा अर्थ लावला, दोन मिनिटं विसावा मिळाला की गाडी चालते, म्हणजे पंप दमतोय. आणि कंपनीचा पंप असा दमेल कसा? म्हणजे तो कंपनीचा नाहीच!

जालन्याला पोचलो तेव्हा शेठचा दुसरा चहा चालला होता. भोवती पन्नास माणसं. मी जीपमधून उडी मारली आणि ओरडलो, "शेठ, गाडी सात वेळा बंद पडली! या माणसानं कंपनीचा पंप काढून भंगारातला बसवला! मला फसवलं!"

भाईंचा चेहरा उतरला. ते एवढंच म्हणाले, "किल्ली द्या."

सीट उचलली. झाकणावर लालभडक लाख, तिच्यावर माझ्या शाळेचं नाव.

"हे काय है सर?"

"चोरी होऊ नये म्हणून..."

"भोक बुजवलं तुम्ही?"

"तिथूनच तर पेट्रोल उडतं!"

भाईंनी झाकण फिरवलं. फुस्स! आता सगळ्यांनी ऐकलं.

"सर, माझी जरीना तुमच्याच वर्गात हाय," भाई हळू आवाजात म्हणाले. "मागल्या साली घरी आली अन् तेलाचा डबा घेऊन बसली. म्हणे, अब्बा, एका भोकातून तेल नीट पडत न्हाई, आत हवा जायला दुसरं भोक पाडा. आमच्या सरांनी शिकवलं. तवापासून घरच्या हर डब्याला दोन भोकं हायेत. मंग टाकीतलं पेट्रोल निघून राह्यलं तर त्याच्या जागी हवा नको जायला? पंप बिचारा किती ओढील?"

हवेचा दाब. बारा वर्षं शिकवत होतो मी. डबा घेऊन, प्रयोगासकट! जमीन दुभंगावी असं वाटलं.

शेठ इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. "तोंड दाबलेली गाडी सात बार मरून बी जालन्याला आली? भाई, उद्याच सामान घेऊन या, जागा तुमची. फकत ह्या सरांना आवारात घेऊ नका!"

परतीच्या वाटेवर मी हात जोडून माफी मागितली. भाई मंठ्यापर्यंत रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. उतरताना म्हणाले, "पेट्रोलचोर म्हणले असते तर चाललं असतं सर. भंगारातला पंप बसवला म्हणले, ते लागलं." ते मला आजही टोचतं.

ते झाकण भाईंनी गॅरेजच्या दारावर खिळ्याला टांगलं आहे. नवं गिऱ्हाईक विचारतं, हे काय? भाई म्हणतात, "शाळेचं सर्टिफिकेट है."

मी जालन्याला गेलो की शेठची नजर चुकवून तिथं जातोच. भाई चहा मागवतात. आणि ते आत वळले रे वळले की मी हळूच चष्मा पुसून ती लाख निरखून बघतो.

शिक्क्याला कोणी हात तर लावला नाही ना?