उघड्या फ्रिजचे फोटो

आखातात आजवर जेवढे मराठी संसार मांडले गेले, त्या सगळ्यांचा पहिला फ्रिज एकच होता आणि तो आपला होता, असं आमच्या काकांचं ठाम मत आहे. हे काका माझ्या वडिलांचे भाऊ नव्हेत, नात्यातले तर मुळीच नव्हेत. मी दीड-दोन वर्षांची असताना शारजातल्या एका जुन्या घरात तीन मराठी कुटुंबं एकेका खोलीत राहायची. त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीतले हे काका. बाहेरच्या पॅसेजमध्ये त्यांचा पांढरा फ्रिज होता आणि त्यात तिन्ही घरांचं दूध, तिन्ही घरांची कणीक आणि तिन्ही घरांतल्या बायकांचे रुसवेफुगवे सुखाने राहत. फ्रिज काकांचा असला तरी त्याला कुलूप नव्हतं, हे काका आजही मोठ्या अभिमानाने सांगतात.

त्या काळी इथून गावाकडे पाठवायच्या फोटोंची एक ठरलेली रीत होती. नवं जोडपं आलं, की फ्रिजचं दार सताड उघडून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि फोटो काढून एक प्रत सासरी, एक माहेरी रवाना करायची. मागे सफरचंदं, चीजचा डबा, संत्र्याच्या रसाचे डबे अशी आरास. गावाकडची मंडळी आधी पोरगी सुकली की भरली ते बघत आणि मग सफरचंदांवरून नजर फिरवत. फ्रिज कोणाचा, हे कोणी विचारत नसे आणि विचारलं नाही तर आपण होऊन सांगण्याएवढं भोळं कोणी नव्हतं. तेव्हा सुट्टी शुक्रवारची. शुक्रवारी दुबईतल्या देरापासून अजमानपर्यंतची ओळखीची मराठी माणसं केसांना पाणी लावून, ठेवणीतले कपडे घालून काकांच्या पॅसेजमध्ये हजर होत. काकू सफरचंदं पदराला पुसून मांडून देत आणि फोटो झाला की परत कागदात गुंडाळून ठेवत. अडचण एकच होती. पॅसेजच्या फरशीला उतार होता, त्यामुळे दार काही केल्या उघडं राहत नसे. मग काकूच कडेला उभ्या राहून ते धरून ठेवायच्या आणि फोटोवाला त्यांना वगळून फोटो काढायचा.

हा सगळा इतिहास मला काकांनीच सांगितला, कारण निवृत्त झाल्यापासून त्यांनी दुसरा विषय काढलेला नाही. अजमानला मुलाकडे राहायचे, पण सकाळी बाहेर पडले की कोणाच्या ना कोणाच्या घरचे जुने अल्बम उपसत बसायचे. इथे पहिल्यांदा आलेल्या मराठी कुटुंबांची नोंद व्हायला हवी, हा त्यांचा ध्यास. आपल्याकडे कुलवृत्तांतात जसा मूळ पुरुष असतो, तसा प्रत्येक घराण्याचा इथला मूळ पुरुष त्यांनी हुडकून काढला होता. कोणीही भेटलं की पहिला प्रश्न, "तुमचा मूळ पुरुष कोण?" इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका आयटीतल्या मुलाला गाठलं. तो बिचारा म्हणाला, "अंकल, मी लास्ट मंथच जॉइन झालोय." काका हरखले. "मग तूच मूळ पुरुष! रूम शेअरिंगमध्ये असशील. फ्रिज कोणाचा आहे?" मुलगा म्हणाला, केरळी रूममेटचा. "उत्तम. आजच दार उघडून उभा राहा आणि फोटो काढ. आणि हे बघ, कड कापू नकोस."

कड कापू नकोस, हे त्यांचं ब्रीदवाक्य. सगळं जग फोटोत मधोमध बघतं, काका कडेला बघतात. दुबई मरीनातल्या आमच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा पाहुणे काचेपाशी उभे राहून खालच्या बोटी बघत होते, आणि काका समुद्राकडे पाठ करून माझ्या सासूबाईंच्या डोहाळजेवणाच्या फोटोला भिंग लावून बसले होते. सासूबाईंचा फोटो नाशिकचा, त्याचा आखाताशी काडीचा संबंध नव्हता. तरी काकांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि कोणाला काही कळायच्या आत फ्रेम मागून उघडली. "पुठ्ठ्याखाली काय दडलंय ते बघतो," म्हणाले. काही दडलेलं नव्हतं. त्यांनी फ्रेम पुन्हा बंद केली, शांतपणे प्रसाद घेतला आणि सासूबाईंनी तेव्हापासून त्यांचं नाव काढलेलं नाही.

मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा तर वादाला तोंडच फुटलं. तयारीतच काकांनी उघड्या फ्रिजचे फोटो एका ओळीत लावून प्रत्येकाखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'फ्रिज : आमचा.' आता ज्यांच्या वडिलांनी तो फोटो जन्मभर दिवाणखान्यात मिरवला, त्यांना हे कसं रुचावं? एक गृहस्थ आता मोठ्या कंपनीचे मालक आहेत. ते सुटाबुटात आले आणि म्हणाले, "काका, डॅडींचा स्वतःचा फ्रिज होता. प्लीज, हे कॅप्शन काढा." काका म्हणाले, "दारावर खाली पोचा दिसतो? जिन्यावरून चढवताना माझ्या गुडघ्याने पडलाय तो. गुडघा दाखवू?" आणि खरोखरच पँट वर करायला वाकले. गृहस्थ घाईघाईने म्हणाले, "खलास काका, खलास. राहू दे."

इतक्या सगळ्या संसारांचे फोटो त्या फ्रिजसमोर निघाले, पण खुद्द काका-काकूंचा एकही नाही. तेव्हा काकू म्हणायच्या, "आपलाच तर आहे, काढू कधीतरी." बाकीचे फोटो होते, पण घर बदलताना सामानाच्या पेटीत पाणी शिरलं आणि अल्बमचा लगदा झाला. हे मला कळलं उम्म अल कुवैनहून परत येताना. तिथे काकांच्या एका जुन्या मित्राच्या गोदामात जुन्या सामानाची खोकी होती, म्हणून मी त्यांना गाडीतून घेऊन गेले होते. खोक्यात फ्रिजचा एक फोटो निघालाही, पण मित्राने पाकिटात मावावा म्हणून तो चारही बाजूंनी कात्रीने कापला होता. परतीच्या वाटेवर काका तो कापलेला फोटो उलटसुलट करून बघत होते. शारजा आल्यावर म्हणाले, "काय झालंय सांगू का, माझ्याकडे लग्नातला फोटो आहे, त्यात ती मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसलीय. आणि चष्मा लागल्यानंतरचे फोटो आहेत. नवरी आहे, म्हातारी आहे. मधली बाई हरवलीय माझी." काकूंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पुढे म्हणाले, "दार धरून ती प्रत्येक फोटोला उभी होती गं. एखाद्यात तरी आली असेल ना?"

त्यातच त्यांच्या मुलाची बदली सिंगापूरला झाली आणि काकांचं पुण्याला परतायचं ठरलं. त्यांचा व्हिसा मुलाच्या नावावर. सगळ्या घराण्यांचे मूळ पुरुष शोधणाऱ्या या माणसाचा अख्खा जन्म इथे गेला, पण दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या शिक्क्यांवर. मला फार वाईट वाटलं. काका मात्र म्हणाले, "जायचं तर आहेच, इन्शाल्ला. पण प्रदर्शन करून जाईन."

शारजा सोडून साताऱ्याला स्थायिक झालेली माझी आई याच सुमारास कायमची माझ्याकडे राहायला आली. माणूस गेल्यावर लोक त्याचा शेवटचा फोटो भिंतीवर लावतात. बाबा गेल्यावर आईने शारजाचा लावला होता, कारण त्यात बाबा मोकळे हसतायत आणि त्यांचा त्या वयातला दुसरा फोटो नाही. तो तिने साडीत गुंडाळून बरोबर आणला आणि आल्या आल्या माझ्या भिंतीवर टांगला. बाबा, आई, आईच्या कडेवर मी, मागे उघडा फ्रिज. काका तिला भेटायला आले, "वहिनी, प्रवास कसा झाला?" असं विचारता विचारताच भिंतीकडे वळले आणि भिंग लावून तिथेच थांबले. फोटोभोवती पुठ्ठ्याची पट्टी होती. तिच्या उजव्या बाजूला, फ्रिजच्या दारावर दोन बोटांची टोकं दिसत होती. आई म्हणाली, "हो, सुमनच आहे ती. तिनेच धरलं होतं दार."

काकांचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला आणि परत आला. फोटो दमटपणाने मधोमध फुगून काचेला चिकटला होता, नेमका बाबांच्या चेहऱ्यापाशी. आम्ही तो अजमानला फ्रेमवाल्याकडे नेला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, फोटो ने शीशा पकड लिया है. निकलेगा, इन्शाल्ला. गॅरंटी नहीं." साठ दिरहम सांगितले. "म्हणजे चौदाशे रुपये!" असं आई सवयीने मोठ्यांदा बोलली. काकांनी मात्र फ्रेम त्याच्या हातातून काढून घेतली. "नको वहिनी. बोटं दिसतायत, तेवढी पुरे. यल्ला, घरी चला." लोकांच्या घरात न विचारता फ्रेमा उघडणारा माणूस हा! गाडीतलं काकांचं बोलणं मी आईला सांगितलं होतं; तिने फ्रेम पुन्हा फ्रेमवाल्यासमोर ठेवली. "भाऊजी, ह्यांचे बाकीचे फोटो पुष्कळ आहेत माझ्याकडे. मला ह्यांच्यातला कोणी हरवलेला नाही." आणि त्याला म्हणाली, "निकालो भैया."

त्याने फार हलक्या हाताने काम केलं. तरी बाबांच्या शर्टाचा खिसा आणि हनुवटीचा एक टवका काचेलाच राहिला. आईने टवक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दाढी करताना कापून घ्यायचेच ते." मग पुठ्ठ्याची पट्टी निघाली. उन्हाने आम्ही तिघंही पिवळे पडलो होतो, पण पुठ्ठ्याखालच्या भागावर कधी ऊन पडलंच नव्हतं. तिथे मोरपिशी साडीतल्या काकू काल काढल्यासारख्या ताज्या होत्या. एका हाताने दार धरलेलं, कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. मी आईच्या कडेवरून सफरचंदाकडे हात लांबवला होता, आणि ते बघून त्या हसत होत्या. काकांनी फोटो हातात घेतला. भिंग खिशातच राहिलं. म्हणाले, "चष्मा नव्हता तेव्हा तिला."

प्रदर्शन झालं. काकांनी सगळ्या फोटोंखालची 'फ्रिज : आमचा' ही अक्षरं खोडली आणि तिथे नव्याने लिहिलं : 'दार धरलंय : सुमन.' ते कंपनीचे मालक वडिलांच्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. त्या फोटोच्याही कडेला बांगडी दिसते, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

जाण्याआधी काका आमच्याकडे जेवायला आले. जेवणं झाल्यावर आईने माझा दोन दारांचा मोठा फ्रिज उघडला. आत सफरचंदं मांडलेली होती, पदराला पुसून चमकवलेली. "भाऊजी, तुमचाच राहिला होता ना? उभे राहा." काका नको नको म्हणाले, मग केसांना पाणी लावून आले आणि काकूंचा फोटो छातीशी धरून उभे राहिले. दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज वाजायला लागला. माझी लेक ओरडली, "आजोबा, क्विक! इट्स बीपिंग!" आणि तिने फोनवर फोटो काढला.

या फ्रिजचं दार आपोआप उघडं राहतं, ते धरावं लागत नाही. तरी आई शेवटपर्यंत ते धरून कडेला उभी होती. फोटोत तिची बोटं आली आहेत. काकांना पुण्याला प्रत पाठवताना कड मी कापली नाही.