जाऊबाई आणि टोपाची गोधडी

ये गं, बस अशी माझ्याजवळ. थांब, आधी आतल्या खोलीतला पंखा बंद करून ये. आल्यापासून फिरतोय बिचारा, आणि खाली माणूस नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई असत्या ना, तर म्हणाल्या असत्या, "कोन बसलंय गं आत? भिंतीला उकडतंय काय?"

तुला त्या आठवणार नाहीत. आमच्या आळीत त्यांना सगळे 'झाकणवाली' म्हणत. कोणाच्याही घरी जावोत, गप्पा दारातूनच सुरू, डोळे मात्र ओट्याकडे. उघडं पातेलं दिसलं की झाकण पडलंच. "वाफ चालली वर, आणि गॅस काय तुझ्या आत्याने पाठवलाय?" राग कोणालाच यायचा नाही, कारण बोलता बोलता त्या तिथली भाजीही चिरून द्यायच्या.

आपला कापड विणायच्या लूमचा कारखाना तेव्हा घराला लागूनच होता. चहा घेऊन गेल्या आणि धागा तुटून लूम थांबलेला, पण मोटर चालूच दिसली, की सुरू व्हायच्या. "अरे भैय्या, कपडा निकलता नहीं, तो मोटर क्या हवा खाने घूम रही है?" कारागीर हसत बटण दाबायचे, "बंद किया, बडी भाभी!" पुढे पुढे तर त्या नुसत्या दारात दिसल्या तरी हात बटणाकडे जायचे.

लूमखाली पडलेला सुताचा गुंता गोळा करून त्यांनी एक जाडजूड गोधडी शिवली. अंगावर घ्यायला नव्हे, टोप गुंडाळायला! भाताला चांगली उकळी आली की टोप उतरवून गोधडीत. उरलेलं शिजणं त्याचं त्याने. आम्ही चिडवायचो, "जाऊबाई, भाताला थंडी वाजते का हो?"

"हसा, हसा. त्याच्या पोटात ऊब हाय, ती बाहेर न्हाय जाऊ द्यायची. बस."

मग तुझ्या आईचा साखरपुडा ठरला. स्वयंपाक घरीच. भात आणि वालाचं बिरडं मोठ्या टोपांत, दोन्हींना उकळी फुटलेली, आणि गॅसचा बाटला संपला! दुसरा सांगून ठेवलेला, तो आलेलाच नाही. तुझे आजोबा स्कूटर काढून बाटला शोधायला पळाले. मला तर रडूच फुटलं. लेकीच्या सासरचे पहिल्यांदा जेवायला येणार, आणि पानात कच्चा भात?

जाऊबाईंनी पदर खोचला. दोन्ही टोप उतरवले, वर गोधडी, कडेने घरातल्या सगळ्या चादरी कोंबल्या. तेवढ्यात फोन आला, पाहुणे कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकले. त्या ट्रॅफिकला मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.

पण मला कुठला धीर? सारखी जाऊन गोधडी उचलायची, झाकण काढून बघायची. "परत उघडलंस? अर्धी वाफ तूच घालवलीस!" असं म्हणून त्यांनी मांडी घातली आणि गोधडीला सरळ कवेत घेऊन बसल्या.

पाहुणे आले. दारात विहिणीचे पाय धुवायचे ते घरातल्या मोठ्या सुनेने, आणि ती तर जागची हलेना! मीच तांब्या घेऊन पुढे झाले. विहिणीचा चेहरा उतरला. "मोठ्या वहिनी रुसल्यात का आमच्यावर?"

आतून आवाज आला, "रुसले न्हाय हो, विहीणबाई! मी उठले की ही माझी धाकटी जाऊ टोप उघडतेय, आन् तुम्ही उपाशी जाल. तुम्हीच या आत!"

तुझी ती बाबांकडची आजी ताठ मानेने आत आली. गोधडीला हात लावला. "अगोबाई, केवढी ऊब!" म्हणाली, आणि पैठणी सावरत पलीकडून टोपाला बिलगूनच बसली. जाऊबाईंनी कुंकूही तिला तिथेच लावलं. मग टोप उघडले. वाफेने दोघींचे चष्मे पांढरे झाले. भात मोकळा, वाल मऊ, आणि एकही फुटलेला नाही.

लग्नात रुखवतावर लाडू-करंज्यांच्या मधोमध तशीच नवी गोधडी मांडली होती. विहिणीने हट्टाने मागून घेतलेली.

शेवटी दवाखान्यात जाऊबाईंना भेटायला गेले, तर आवाज अगदी खोल गेलेला. मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काही मनातलं सांगतील. म्हणाल्या, "दिवसाढवळ्या ट्यूबलाईट कशाला? बंद कर. तुझं तोंड दिसतंय मला." आम्ही दोघी किती हसलो! तेच आमचं शेवटचं हसणं.

गोधडी आता माझ्याकडे आहे. पुढच्या वेळी निघतानाच फोन कर, मी वालाचा टोप गुंडाळून ठेवीन. पण लवकर ये गं बाई. टोपाजवळ एकटी बसले की मला अजून धीर निघत नाही, सारखं उघडून बघते.