क्रेनकाकांची टोळी

क्रेनकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुळात ते दिसलेच नाहीत. दिसलं ते एक कपाट. तीन दारांचं, आरशाचं, आत चार माणसांची पंगत बसेल एवढं मोठं. आणि ते आपलं आपण जिना चढून वर येत होतं. वळणावर ते थांबलं, खाकरलं आणि म्हणालं, "जरा सरकता का, साहेब?" मी सरकलो. सरकलो म्हणजे भिंतीत शिरलो म्हणा ना! जाता जाता कपाट "आभारी आहे" असंही म्हणालं. आमच्या इमारतीतल्या भल्याभल्यांना जे जमत नाही ते एका कपाटाला जमलं, याचं कौतुक करायला मी मागोमाग वर गेलो. तेव्हा कपाटाखालून एक बुटका, टकला, चौकोनी माणूस बाहेर आला. तळमजल्यावर राहणारा हा आमचा शेजारी. सगळी इमारत त्यांना क्रेनकाका म्हणायची.

लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात पोचवण्यात त्यांची हयात गेली होती. आरसे, फ्रिज, काचेची कपाटं, एकदा तर पाण्यासकट माशांची टाकी. कशालाही कधी तडा नाही. पण हा पहाड उचलणारा माणूस घरात काकूंच्या एका भुवईवर चालायचा. सुट्टीत मुलीची मुलं राहायला आली की सगळा कारभार काकूंचा, काकांकडे फक्त घोडा होण्याचं खातं.

काकू गेल्या आणि त्यानंतरची ही पहिलीच सुट्टी. मुलीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, आठवडाभर पाठवते. पण एकाच्याही अंगावर ओरखडा दिसला किंवा मला रडका फोन आला, तर पुढच्या सुट्टीपासून दोघं शिबिराला. मी चौकशी करून ठेवली आहे."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभरात त्या घरात हसण्याचा आवाज यायचा तो या दोघांचाच, तोही शिबिराला जाणार! मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. पॅकिंग. टेबलाच्या कोपऱ्यांना गादीचे तुकडे बांधले. खुर्च्यांना ब्लँकेटं गुंडाळली. टीव्ही पुठ्ठ्यात गेला, फ्रिजला दोरी आवळली, कपबशा वर्तमानपत्रात बांधून खोक्यात घातल्या.

मुलगी दोघांना सोडायला आली आणि दारातच थबकली. "बाबा, घर सोडताय का?"

दहा वर्षांच्या नातीने तर गळाच काढला. "आजोबा, तुम्ही कुठे चाललात?"

"कुठे नाही गं! तुमच्यासाठी केलंय सगळं!"

"आमच्यासाठी टीव्ही बांधून ठेवला?" सहा वर्षांच्या नातवाने विचारलं.

पहिले दोन दिवस सुरक्षित गेले. इतके सुरक्षित, की पोरांचा जीव मेटाकुटीला आला. नातू भिंतीवर जाऊन आपटायचा आणि तिला टेकवलेल्या गादीवरून मऊपणे परत यायचा. "आजोबा, मला कुठेच लागत नाही," अशी त्याची तक्रार. तिसऱ्या दिवशी दुपारी नात फोनजवळ जाऊन बसली. "आईला लावू?"

काका दुसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आले. चेहरा पार उतरलेला. "शेजारी, माशांची टाकी पोचवली हो मी. एक मासा दचकला नाही. ही दोन पोरं नाही सांभाळता येत."

मी म्हटलं, "गोष्टी सांगा."

"सांगितली. माशांच्या टाकीची. पोरं झोपली."

आम्ही खाली गेलो तर फ्रिजची दोरी सुटलेली! नातवाला लोणी हवं होतं आणि त्याने दातांनी, नखांनी, कसंतरी करून ती गाठ सोडवली होती. काका रागवायला गेले आणि मधेच थांबले. ती गाठ त्यांच्या हाताखालच्या माणसांनाही कधी पटकन सुटली नव्हती.

"पुन्हा बांधून दाखव," ते म्हणाले.

तिथून घराचा रंग पालटला. त्या संध्याकाळी दोघं स्टूल उचलायला शिकली. दुसऱ्या दिवशी खुर्ची. पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. जड सामानाच्या खालच्या बाजूला मुलांनी उभं राहायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: वजन वर असताना बोलणारा एकच, बाकी सगळे गप्प. मग काय विचारता! पलंग स्वयंपाकघरात गेला, जेवणाचं टेबल बाल्कनीत आलं. मी एकदा सहज डोकावलो तर काका न्हाणीघराच्या दारात बसून चहा पीत होते. "आज दिवाणखाना इकडे आहे," ते अभिमानाने म्हणाले.

शेवटच्या दिवशी आमचा नवा सोफा आला. दुकानाच्या माणसांनी जिन्याकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, "हा वळणार नाही" म्हणाले आणि तो खालीच ठेवून निघून गेले. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू जिना मीच बांधला होता.

"टोळी!" काकांनी हाक मारली.

दोघं धावत आली. खालून काका, वरून ओढायला मी, आणि वरच्या पायरीवर मुलं. सोफा वळणापर्यंत आला आणि अडकला. काकांचं तोंड सोफ्याच्या पाठीमागे गाडलं गेलेलं, त्यांना काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी जन्मात कधी कुणाला दिलं नव्हतं ते दिलं. "आता बोलणारी तू," ते नातीला म्हणाले.

नेमकी त्याच वेळी मुलगी मुलांना न्यायला आली. वर पाहते तो जिन्यात आडवा सोफा, त्याच्याखाली बाप, त्याच्यावर शेजारी, आणि कठड्याशी आपली दोन लेकरं. "बाबाऽ! अहो हे काय चाल..."

"शूऽऽ!" नातू कडाडला. "आई, वजन वर असताना बोलणारा एकच!"

आमच्या इमारतीत त्या बाईला गप्प करणारा आजवर कुणी जन्मला नव्हता. ती गप्प झाली.

"आजोबा, टेकू नका," नात कठड्यावरून वाकून बघत म्हणाली. "सोफ्याचा मागचा पाय गजाला लागतोय. आधी उभा करा. अजून. आता माझ्याकडे फिरवा. हळू! काका, तुम्ही नुसते लोंबकळू नका, ओढा!"

मी ओढलं. सोफा उभा राहिला, लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला आणि वळण पार करून वर आला. भिंतीचा रंग गेला नाही, कापडाचा धागा निघाला नाही. काका घामाने न्हाऊन वर आले आणि नव्या सोफ्यावर मधोमध बसले. दोन्ही बाजूंना दोन नातवंडं. आमच्या इमारतीने एवढं मोठं सिंहासन पूर्वी पाहिलं नव्हतं.

मुलीने दोघांना उजेडात धरून तपासलं. कोपर, गुडघे, कपाळ. कुठे काही नाही. ओरखडा आला होता तो फक्त माझ्या कोपराला, आणि अटीत माझा उल्लेख नव्हता.

"शिबिराला नाही जायचं," नातू म्हणाला.

"नका जाऊ," ती म्हणाली, आणि बापाच्या घामेजल्या टकलाकडे बघून हसली. "पुढच्या वेळी महिनाभर ठेवा, बाबा."

काकांनी सगळ्या इमारतीत स्वतः फिरून ही बातमी सांगितली. वरच्या मजल्यावर तर दोनदा.

पुढच्या सुट्टीत मुलं महिनाभरासाठी आली. पहाड उचलणाऱ्या काकांना महिनाभराचं हे वजन मात्र पेललं नाही; दुसऱ्या आठवड्यात ते त्यांना परत सोडून आले.